मेळघाटात पाहुणं होताना

परतवाडा मागे पडलं की धारणीचा रस्ता सातपुड्यात शिरतो. घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल ही ठिकाणं एकामागून एक येतात, सागाची दाटी वाढत जाते, सिपना नदी सोबतीला येते आणि मैदानातली पऱ्हाटीची वावरं डोळ्यांआड होतात. पावसाळ्यात, दिवाळीच्या सुट्यांत, नाताळात या रस्त्याने चढणारी बहुतेक मंडळी लांबची नसतात. अमरावती, अकोला, अकोट, अचलपूर, दर्यापूर, फार तर यवतमाळ नाहीतर नागपूर. मेळघाट हा वऱ्हाडाचा घरचा डोंगर आहे. रस्त्याच्या कडेला वनखात्याच्या पाट्या लागतात: गाडी हळू चालवा, हॉर्न वाजवू नका, प्लास्टिक टाकू नका, माकडांना खाऊ घालू नका. या सूचना योग्य आहेत आणि त्या पाळल्याच पाहिजेत. पण त्या वाचत वाचत धारणीपर्यंत गेलं तरी या डोंगरात माणसं राहतात आणि त्यांच्या गावात शिरायची काही एक रीत आहे, हे त्यांतून कळत नाही. प्रवाशाने कसं वागावं याचा विचार आपण वाघापासून सुरू करतो आणि बहुधा वाघापाशीच थांबवतो. माझं म्हणणं असं, की मेळघाटात वागायची रीत गावापासून सुरू व्हायला हवी. ती नीट धरली तर जंगलाची रीत तिच्यातच येते.

हे म्हणण्याला आधार या डोंगराच्या रचनेतच आहे. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत मिळून तीनशेहून अधिक गावं आहेत. त्यांत बहुसंख्य कोरकू, आणि त्यांच्या शेजारी गवळी, निहाल, गोंड, बलाई. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे; तिचं नातं झारखंडातल्या मुंडारी-संथालीशी आहे आणि त्या कुळाचं सगळ्यात पश्चिमेचं टोक म्हणजे हा सातपुडा. ती मराठीची किंवा हिंदीची बोली नाही, त्यामुळे आपल्याला ती कळत नाही यात नवल नाही. नवल याचं, की शंभर किलोमीटरवर पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपल्यापैकी बहुतेकांना ती वेगळी भाषा आहे हेच ठाऊक नसतं. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. आज बफरसह प्रकल्पाचं क्षेत्र सुमारे 2,768 चौरस किलोमीटर आणि त्यातलं कोअर सुमारे 1,500. नकाशावर हा हिरवा पट्टा एकसंध दिसतो. प्रत्यक्षात त्यात वावरं आहेत, ढोरांच्या वाटा आहेत, देवांच्या जागा आहेत, आणि उठून गेलेली गावंही आहेत.

या उठून गेलेल्या गावांपाशी थोडं थांबायला हवं. बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला कोअरमधून बाहेर आली; मागाहून वैराट, पस्तलाई, अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी. बऱ्याच कुटुंबांना अकोटच्या बाजूला मैदानात वसवलं गेलं. मागे राहिलेल्या गावठाणांवर आणि जुन्या वावरांवर गवत वाढलं, कुरणं झाली, आणि आज सफारीची जिप्सी गवे आणि सांबरं दाखवायला जिथे थांबते त्यातल्या काही जागा याच आहेत. वन्यजीवांच्या दृष्टीने हे फायद्याचं झालं, हे मी नाकारत नाही. पुनर्वसनाची संमती घेतली गेली होती, मोबदला ठरला होता, दवाखाना आणि शाळा जवळ आली, हाही युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. तरी जानेवारी 2019 मध्ये पुनर्वसित गावकरी सोयी मिळाल्या नाहीत म्हणून केलपाणी-गुल्लरघाटच्या परिसरात परत आले, वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला आणि दोन्हीकडची माणसं जखमी झाली, हेही त्याच हिशेबातलं आहे. पाहुण्याने या वादाचा निकाल लावावा अशी कुणाची अपेक्षा नाही. त्याने एवढंच करावं: कुरणाजवळ गाडी थांबली की हे कोणतं गाव होतं ते गाइडला विचारावं. मेळघाटातले गाइड बहुतेक इथल्याच गावांतले आहेत. गव्याचं वजन ते सांगतातच. गावाचं नाव विचारलं तर आंब्याची झाडं कुठल्या आळीतली, विहीर कुठे होती, हेही सांगू शकतात. न विचारता त्यांनी ते सांगावं असं वातावरण आपण ठेवलेलं नाही.

चिखलदऱ्याची ओळख करून देताना एक वाक्य ठरलेलं असतं: 1823 साली हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने हे ठिकाण शोधून काढलं. समोरचा गाविलगड किल्ला त्याच्या चारशे वर्षं आधी, 1425 मध्ये, बहमनी सुलतान अहमदशहा वलीने बांधवून घेतला. त्याचं नाव गवळ्यांवरून पडलं, म्हणजे गवळी त्याच्याही आधीपासून इथे ढोरं चारत होते. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला तेव्हाही पठारावर आणि दऱ्यांत वस्ती होतीच. रॉबिन्सनने आपल्यासाठी थंड हवेची जागा शोधली, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. दोनशे वर्षांनी आपण ते तसंच म्हणत राहतो, आणि आपली नजरही तीच राहते: हवा आपल्यासाठी, दऱ्या आपल्यासाठी, धुकं आपल्यासाठी. मग देवी पॉइंटजवळ रबडी आणि खवा विकणारा गवळी आपल्याला या सोयीचा भाग वाटतो, इथला जुना धनी वाटत नाही.

वऱ्हाडी माणसाला पाहुणचाराची रीत शिकवावी लागत नाही, म्हणून तर ही गोष्ट लागते. आपल्याकडे दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवण्याआधी बांधावरून हाक मारली जाते. पहिल्या वेचणीला सीतादहीची पूजा केल्याशिवाय कापूस घरी आणायचा नाही, हे अजूनही कितीतरी घरांत पाळलं जातं, आणि शहरातून आलेला भाचा त्या वेळी वावरात चपला घालून हिंडला तर आजी त्याला थांबवते. रोडग्यांच्या पंगतीत यजमान आग्रह करत राहतो, पाहुण्याने नाही नाही म्हणत एक रोडगा जास्तीचा घ्यायचा असतो. तो सरळ उठून गेला तर घराला लागतं. हुरड्याला बोलावलं म्हणून कुणी आपल्या मनाने धाट उपटत नाही. ही सगळी शिस्त आपल्या अंगात आहे. तीच मंडळी शहापूर किंवा आमझरीच्या रस्त्यावर गाडी आडवी लावून दुसऱ्याच्या मक्याची कणसं तोडतात, कारण तो डोंगर आहे आणि डोंगरातलं सगळं सरकारचं, म्हणजे कुणाचंच नाही, असं मनात बसलेलं असतं. रीत नवी शिकायची नाही. आहे ती घाट चढून वर न्यायची आहे.

कोरकू गाव पाहिलं की ही रीत किती आवश्यक आहे ते दिसतं. घरं बहुधा समोरासमोर दोन सरळ ओळींत असतात आणि मधली रुंद जागा हाच गावाचा रस्ता. बाहेरून येणाऱ्याला तो रस्ता वाटतो. गावासाठी ते अंगण आहे: तिथे बाजा टाकलेल्या असतात, कुटकी आणि सावा वाळत असतो, म्हातारी माणसं बसलेली असतात, कोंबड्या आणि लेकरं खेळत असतात. या मधल्या पट्ट्यातून एसयूव्ही काचा वर करून गेली तर ती लोकांच्या ओसरीतून गेलेली असते. म्हणून गाडी गावाच्या कडेला ठेवावी, पायी आत यावं आणि पहिल्या माणसाला राम राम घालावा. तो इथेही चालतो आणि त्याला उत्तर मिळतं. गावात आडा पटेल असतो, पूजेचं काम पाहणारा भुमका असतो. कुणाशी बोलायचं हे विचारलं की लोक दाखवून देतात. बाज पुढे केली तर बसावं, पाणी आलं तर घ्यावं, कोरा चहा आला तर नाही म्हणू नये. गावातच किंवा कडेला झाडाखाली शेंदूर लागलेल्या दगडांची रास दिसते. तो मुठवा देव, गावाचा रखवालदार. त्याच्यावर देऊळ नसतं, पायरी नसते, घंटा नसते; त्यामुळे आपल्याला ती बसायची जागा वाटते. त्या दगडांवर पाय देऊन फोटो काढणं म्हणजे काय, हे कळायला आपल्या गावच्या मारुतीच्या पाराची आठवण पुरेशी आहे.

झाडांचंही तसंच. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. फुलं रात्री आणि पहाटे पडतात, पिवळसर, रसाळ, बोटाने दाबली तर चिकट. उजाडायच्या आत बायका आणि मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. झाडाखालची जागा आधीच झाडून साफ केलेली दिसते. ती झाडलेली जागाच सांगते, की या झाडाचा मोह कुणीतरी वेचणार आहे. कुठलं झाड कोणत्या घराने वेचायचं हे गावात ठरलेलं असतं. आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा गावांचा हक्क कागदावरही मान्य झाला आहे. प्रवाशाने तिथे सतरंजी अंथरून डबे उघडले, किंवा हौसेने ओंजळभर फुलं पिशवीत भरली, तर त्या घराच्या वर्षाच्या मिळकतीतला तो वाटा असतो. वेचलेली फुलं मग अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला वाळत घातलेली असतात, त्यांच्यावरून चाक नेऊ नये. याच दिवसांत वणवे लागतात. पाला साफ करायला लावलेली आग हातची सुटते हे खरं आहे आणि वनखातं त्याबद्दल गावोगाव सांगत असतं. पण घाटात गाडीच्या खिडकीतून फेकलेलं जळतं थोटूकही तेवढंच काम करतं, आणि ते फेकणारा संध्याकाळी घरी पोचलेला असतो. आग विझवायला जाणारी माणसं गावची असतात.

काही गावांजवळ, बहुधा एखाद्या जुन्या झाडाखाली, लाकडाच्या कोरीव फळ्या जमिनीत रोवलेल्या दिसतात. या मेलेल्यांच्या आठवणीच्या फळ्या. यांना मुंडा म्हणतात. माणूस गेल्यावर सवडीने, कधी काही वर्षांनी, पैसा आणि धान्य जमलं की घर सिडोलीचा विधी करतं, आणि मृताच्या नावाने ही फळी उभी होते. साग कोरून वरच्या अंगाला सूर्य आणि चंद्र, खाली घोड्यावर बसलेली माणसं, कधी हात धरून नाचणारी ओळ. पावसाने लाकूड राखाडी पडतं, कोरीव कडा बोथट होतात, एखादी फळी कलते; ती कुणी सरळ करत नाही, नवी फळी शेजारी येते. जुन्या वस्तूंच्या बाजारात अशा फळ्यांना किंमत आहे, आणि म्हणूनच त्यांच्याजवळ अनोळखी माणसं घुटमळलेली गावाला आवडत नाहीत. पाहायचं असेल तर विचारून पाहावं, हात लावू नये, आणि विकत मिळेल का हा प्रश्न तर कुठल्याच गावात विचारू नये. आपल्या शहरातल्या स्मशानातल्या समाधीबद्दल हा प्रश्न आपल्याला सुचणार नाही.

सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती होळीबद्दल. होळी हा मेळघाटातला सगळ्यात मोठा सण. दिवाळीनंतर कापूस वेचायला, हरभरा-गहू काढायला, वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं होळीला काहीही करून घरी येतात. पुढचे पाच दिवस ढोलकी आणि बासरी थांबत नाही, काही गावांत मेघनाथाचा उंच खांब पूजला जातो, आणि रस्त्यावर फगवा मागितला जातो. बायकांचा किंवा पुरुषांचा घोळका दोरी धरून नाहीतर नुसता हात धरून रस्त्यात उभा राहतो, गाणं म्हणतो, नाचतो, गाडीवाल्याकडून चार पैसे मागतो. शहरातून आलेले याला वाटमारी म्हणतात. एका दिवसात दहा ठिकाणी गाडी अडते, काही जण प्यालेले असतात, आजारी माणूस गाडीत असेल तर काय करायचं, हे प्रश्न रास्त आहेत. दवाखान्यात निघालेली गाडी कुणीही अडवू नये, आणि तसं सांगितलं तर गावातलीच जाणती माणसं दोरी खाली करतात. पण चिडण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, हा रस्ता वर्षाचे तीनशे साठ दिवस आपण हॉर्न वाजवत वापरतो आणि गाव कडेला सरकतं. पाच दिवस गाव त्यावर उभं राहतं. दुसरी, आपल्या शहरांत गणपती आणि दुर्गादेवीच्या वर्गणीसाठी दुकानदाराकडून जे पावती फाडून घेतलं जातं त्याच्या मानाने फगवा फारच थोडा असतो, आणि तो देणाऱ्याला बदल्यात नाच पाहायला मिळतो. काच खाली करावी, सुटे पैसे जवळ ठेवावेत, गाणं पुरतं ऐकावं. व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी फगवा द्यावा. पैशाऐवजी दारूची बाटली पुढे करणं मात्र सरळ अपमान आहे. मोहाची दारू कोरकूंच्या पूजेत आणि सिडोलीत देवाला चढते. तिची मजा करायला आलेला माणूस त्यांना नवा नाही आणि हवासाही नाही.

याहून अवघड आक्षेप लेकरांबद्दलचा आहे. गाडी थांबली की मुलं जमतात, आणि चांगल्या मनाची माणसं चॉकलेटं, बिस्किटं, जुने कपडे वाटतात. यात काय वाईट, असं विचारलं जातं. 1993 च्या सुमारास मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या, तेव्हापासून या डोंगराची ओळख बाहेर एकच झाली: कुपोषण. उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे याचिका चालल्या, समित्या आल्या, कॅमेरे आले. त्या ओळखीमुळे शहरी माणूस इथल्या प्रत्येक लेकराकडे दयेने पाहतो आणि खिशात हात घालतो. पण कुपोषणाचं कारण बिस्किटांची टंचाई नव्हे. वेळेवर न मिळणारी मजुरी, स्थलांतरात बाळंत होणाऱ्या आया, लांबचा दवाखाना, लवकरची लग्नं ही कारणं आहेत, आणि चॉकलेटाने त्यातलं एकही हलत नाही. हलतं ते इतकंच, की मूल शाळा सोडून रस्त्याला येतं आणि पाहुण्याला पाहून हात पुढे करायला शिकतं. द्यायचंच असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांना विचारावं, अंगणवाडीत विचारावं, किंवा धारणी-काटकुंभच्या आठवडी बाजारात भाव न पाडता भाजी, जवस, मोहाची फुलं विकत घ्यावीत. फोटोचंही हेच. उघड्या अंगाच्या मुलाचा, पाण्याच्या हंड्याखाली वाकलेल्या बाईचा फोटो आपण आपल्या गल्लीत विचारल्याशिवाय काढत नाही. इथे काढतो, आणि खाली ‘निरागस’ असं लिहितो.

मग कुणी म्हणेल, रीतींचा एवढा मान ठेवायचा तर वाईट रीतींचं काय? बाळाचं पोट फुगलं की त्यावर तापल्या विळ्याचे चटके द्यायचा डंबा नावाचा प्रकार इथे आहे, आणि त्याने बाळं दगावली आहेत. त्याचाही मान ठेवायचा का? मुळीच नाही. असं काही दिसलं तर आशा कार्यकर्तीला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला तत्काळ कळवावं. ते कर्तव्य आहे. पण दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाने भुमकाची टिंगल केल्याने ही प्रथा गेलेली नाही. जी थोडी मागे सरली ती मुक्काम ठोकून राहिलेल्यांमुळे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला संसार मांडून राहिले, तिथलेच झाले. 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती त्या राहण्याबद्दल. आरोग्य यंत्रणेनेही भुमकांना शत्रू न मानता त्यांनीच रुग्ण दवाखान्यात पाठवावेत असा मार्ग धरला, कारण गाव आधी त्यांच्याकडे जातं. बदल घडवायचा अधिकार ज्याने तिथे वेळ दिला त्याला मिळतो. पाहुण्याचा वाटा त्यात लहान आहे, आणि तो लहान आहे हे ओळखणं ही त्याच्या रीतीतली मोठी गोष्ट आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: कोरकू मुलंच आता मोबाइलवर असतात, लग्नात डीजे लावतात, हरिसाल तर 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मग आपणच का जुन्या रीती धरून बसायच्या? हा प्रश्न ऐकायला ठीक वाटतो, पण त्यात गृहीत असं आहे की रीत म्हणजे जुनी वस्तू, आणि घरच्याने ती टाकली की पाहुण्यालाही मोकळीक. अमरावतीतल्या घरात मुलगा चपला घालून स्वयंपाकघरात जात असेल, म्हणून पाहुणा जात नाही. कोरकू तरुणाने डीजेवर नाचायचं की ढोलकीवर, हे तो ठरवेल. आपण मात्र ‘खरे आदिवासी’ पाहायला मिळाले नाहीत म्हणून हिरमुसू नये, आणि त्याला फोटोसाठी धोतर नेसून ये म्हणू नये. काही वेळा असं सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, ही मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाटते.

गोंगाटाबद्दल थोडं सांभाळून बोललं पाहिजे. चिखलदऱ्याला पंचबोल पॉइंट आहे. तिथे ओरडलं की दरी पाच वेळा उत्तर देते अशी ख्याती, आणि लहान मूल तिथे ओरडलं तर मी त्याला गप्प करणार नाही. ती जागा त्यासाठीच प्रसिद्ध आहे. भीमकुंडावर ओल्या दगडांवर बाटल्या फोडणं आणि गाडीतल्या स्पीकरने धबधबा झाकणं ही निराळी गोष्ट. खाली सेमाडोहला तर आवाजाची किंमत दुसराच भरतो. मेळघाटचं जंगल दाट, चढउताराचं. इथे ताडोबासारखा वाघ सहज दिसत नाही. पैसे भरलेत, वाघ दाखव, असा धोशा लावला की ड्रायव्हर वेग वाढवतो, वाट सोडतो, आणि पकडला गेला तर त्याचा रोजगार बंद होतो, आपली सुटी नाही. अकोल्याच्या बाजूने शहानूरहून नरनाळ्यावर जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. गडावर बुरहानुद्दीन बाघ सवार वलींचा दर्गा आहे, तिथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, डोकं झाकावं, चपला बाहेर काढाव्यात. श्रावणात धारगडच्या महादेवाच्या यात्रेला वाट ठरावीक वेळेपुरतीच उघडते, आणि बहुतेक भाविक ती वेळ पाळतात. म्हणजे नियम कुणाच्या श्रद्धेशी जोडलेला असला की वऱ्हाडी माणूस तो मानतो, याचा पुरावा तिथेच आहे.

म्हणून मला वाटतं, या रीती सांगायचं काम फक्त नाक्यावरच्या गार्डवर टाकू नये. गावांनी ते स्वतः करावं, आणि त्यांना ते जमतं. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. उजाड टेकडीवर ग्रामसभेने चराई आणि तोडीचे नियम बसवले, सीताफळं स्वतः वेचून, प्रतवारी करून शहरात विकली, आणि 2014 मध्ये भारत जैवविविधता पुरस्कारात या गावाचं नाव आलं. जंगल राखायचे नियम जी ग्रामसभा करू शकते, ती पाहुण्यांचे नियमही करू शकेल: गाडी कुठे ठेवायची, कुणासोबत फिरायचं, फोटोला कुणाला विचारायचं, घरी जेवायचं तर काय द्यायचं. वरच्या गावांनी अशा पाट्या कोरकूत आणि मराठीत लावल्या तर रविवारच्या गर्दीला त्या वाचाव्याच लागतील. एवढे नियम केले तर पर्यटक येणार नाहीत आणि रोजगार बुडेल, अशी भीती घातली जाते. पण सध्याच्या गर्दीतला पैसा बराचसा चिखलदऱ्याच्या हॉटेलांत आणि परतवाड्याच्या पेट्रोल पंपावर राहतो. गावात थांबणारा, विचारून जेवणारा पाहुणा संख्येने कमी असला तरी त्याचा पैसा गावात पडतो.

आणि हा हिशेब एकाच बाजूचा नाही. आपण वर जातो तसे ते खाली येतात. अकोट, दर्यापूर, अंजनगाव, तेल्हाऱ्याच्या वावरांत दिवाळीनंतर कापूस वेचणारे हात कितीतरी ठिकाणी मेळघाटातले असतात. त्यांचा मुक्काम वावराच्या धुऱ्यावर, पालाच्या किंवा ताडपत्रीच्या आडोशाला, आणि पाणी मोटारीच्या पाइपाचं. त्यांची लेकरं बरोबर आली तर शाळा सुटते. मागे राहिली तर हंगामी वसतिगृह चालू असेल तरच जेवण मिळतं. हा मजुरीचा विषय आहे, प्रवासाचा नाही, असं म्हणता येईल. पण माणसं तीच आहेत. सेमाडोहच्या गावात आपल्याला बाज पुढे करणारी बाई डिसेंबरात आपल्याच चुलत्याच्या वावरात वेचत असू शकते, आणि तिथे तिला बसायला कुणी बाज देत नाही. खाली तिची सोय करणं हा मेळघाटात कसं वागावं याचाच भाग आहे: झोपायला कोरडी जागा, पिण्याचं पाणी, बाळंतिणीसाठी आरोग्य केंद्राचा पत्ता, आणि हिशेब वजनकाट्यावर तिच्या समोर. होळीच्या आधीच्या आठवड्यात तर मजुरी उधार ठेवूच नये. ती हातात पडली तर बाजार करून, लेकरांना कपडे घेऊन माणसं एसटीने वर जातात. अडकली तर काही जण ती वसूल करायला खालीच थांबतात, आणि गावात ढोलकी सुरू होते तेव्हा घरातलं एक माणूस कमी असतं.